चौकोनी कंसाची बाधा

त्या सकाळी रुग्णालयाच्या औषध भांडारात पाय ठेवायला जागा नव्हती. परिचारिका आल्या, क्ष-किरणवाले आले, पायाला प्लॅस्टर घातलेला एक पेशंटसुद्धा कुबड्या टेकत आला. मी तिथला फार्मासिस्ट. पण माझ्या खुर्चीत नामशुद्धी महाराज बसले होते आणि डोळे मिटून संगणकावरून हात फिरवत होते.

झालं होतं असं. कुठल्या वॉर्डाला कुठलं औषध किती लागतं, याची फाईल आमच्या क्लार्कबाई करत. तिच्यावरून संगणक गोषवारा काढून देई आणि तो पाहून औषधं मागवली जात. नवरा गेल्यावर महिनाभराने बाई कामावर परतल्या आणि त्या दिवसापासून त्यांच्या फाईली हट्टाला पेटल्या. उघडायच्या, वाचता यायच्या, पण गोषवारा मागितला की पडद्यावर उमटायचं : 'संदर्भ ग्राह्य नाही.' इन्सुलिन दोन दिवसांपुरतं उरलं, तेव्हा अधीक्षकसाहेब खडबडून जागे झाले. तंत्रज्ञाला बोलवावं, असं मी सुचवलं. साहेबांनी महाराजांना बोलवलं.

"फाईल म्हणजे देह," महाराज म्हणाले. "नाव म्हणजे प्राण. प्राणच अशुद्ध, तर गोषवारा उतरणार कसा? लिहा, मंगल सात!"

साहेबांनी एका फाईलचं जुनं नाव पुसून 'मंगल सात' लिहिलं, बटण दाबलं, आणि गोषवारा हजर! टाळ्या वाजवण्याच्या नादात पेशंटच्या हातून कुबडी निसटली.

"विज्ञानाने हात टेकले!" दिवसभर क्ष-किरणांवर पोट भरणारे गृहस्थ म्हणाले.

महाराजांनी मग आवाज खाली आणला. "यंत्र निर्दोष आहे. नाव देणाऱ्या हातांवर मृत्यूचं सावट आहे. या बाईंना यंत्राला शिवू देऊ नका."

"बाई, उद्यापासून तुम्ही गोदामात बसा," साहेबांनी लगेच लेखी फर्मान काढलं.

क्लार्कबाईंनी हात टेबलाखाली घेतले. गेली अकरा वर्षं त्या हातांनी एक गोळी इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. आता ते कुठे ठेवावेत, हेच त्यांना कळेना.

"सूनबाई, जागची हलू नकोस."

दारात त्यांच्या सासूबाई उभ्या होत्या. सुनेचा घरी राहिलेला चष्मा द्यायला आल्या होत्या. निवृत्त प्राथमिक शिक्षिका; पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणाऱ्या.

"मुलगा माझा गेला," त्या म्हणाल्या. "सावट पडायचं तर आधी माझ्यावर पडेल. त्या फाईलींची नावं दाखवा बघू."

मी यादी उघडली आणि एकेका फाईलचा गोषवारा मागून दाखवू लागलो. त्यांनी सुनेचाच चष्मा नाकावर चढवला आणि पडद्यावर बोट ठेवत वाचत गेल्या. "ही नापास. हीसुद्धा नापास. ही जुनी पास. अगं, नापास झालेल्या सगळ्यांच्या नावात हे चौकोनी कंस कसले?"

"वॉर्डाचा नंबर कंसात घालते," क्लार्कबाई हळूच म्हणाल्या. "परत आल्यापासून. शोधायला सोपं जातं."

"हं. महाराज, तुमच्या मंगल सातला तुमचंही नाव जोडू या. मानाने, कंसात!"

महाराज प्रसन्न झाले. साहेबांनी भक्तिभावाने 'मंगल सात [महाराज]' असं लिहिलं आणि गोषवारा मागितला.

'संदर्भ ग्राह्य नाही.'

कोणीतरी फिसकन हसलं.

"आता तू," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "तुझ्याच हातांनी. कंस काढ."

क्लार्कबाईंनी आपल्या एका नापास फाईलच्या नावातले कंस खोडले, नुसतं 'वॉर्ड चार' लिहिलं. गोषवारा अगदी निमूटपणे आला.

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. माहिती कुठल्या फाईलमधली, हे लिहून ठेवताना तो प्रोग्राम स्वतःच फाईलच्या नावाभोवती चौकोनी कंस घालतो. नावातच आणखी कंस आले की नाव कुठे संपलं, हे त्याला उमगत नाही. महाराजांच्या शुद्ध नावात एवढीच शुद्धता होती, की त्यात कंस नव्हते!

"वातावरणात आज शंका फार आहे," असं पुटपुटत महाराज उठले. ते वळून पाहीपर्यंत त्यांची खुर्ची, म्हणजे माझी खुर्ची, मी ताब्यात घेतली होती.

इन्सुलिनची मागणी दुपारी गेली, क्लार्कबाईंनीच पाठवली. साहेबांनी माफी मागितली नाही, गोदामाचा आदेश मात्र गुपचूप फाडला.

वाचकहो, महाराजांच्या उपायाला गुण आला होता, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर घात व्हायची वेळ आली होती. उपाय लागू पडला, म्हणजे सांगितलेलं कारण खरं ठरत नाही. एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा आणि काय होतं ते बघा. त्याला पाच मिनिटं लागतात. तेवढीही सवड नसेल, तर निदान कोणाच्या हातांना अपशकुनी म्हणू नका.