आधी हवा, मग मुलं, मग नवरा

ताईच्या पार्लरमध्ये केस कापले जात, पण तिच्या मते तो जोडधंदा होता. "गिऱ्हाईक केसांसाठी येत नाही गं, गप्पांसाठी येतं," असं ज्ञान ती उठसूट पाजळायची. धाकट्या बहिणीला सगळे घुमी म्हणत. कात्री हातात आली की घुमीला तोड नव्हती, पण काय बोलावं ते तिला सुचायचं नाही. म्हणून ताईने तिच्याकडून प्रश्न घोकून घेतले होते: आधी हवा, मग मुलं, मग नवरा. घुमी वर्षानुवर्षं ते पाढ्यासारखे म्हणत आली.

मग एकदा गणिताच्या बाई आल्या. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. घुमी स्वतः भेटून आली होती. पण हवा झाली, मुलं झाली, आणि जीभ आपली पुढे गेलीच. "मिस्टर कसे आहेत?"

सगळ्या पार्लरने माना वळवल्या. बाई म्हणाल्या, "बरे आहेत." त्या गेल्यावर ताईने घुमीची खुर्ची काढून घेतली आणि तिला डोकी धुवायला बेसिनपाशी उभं केलं. स्वतःच घोकून घेतलेला धडा ताई सोयीस्करपणे विसरली.

आपलं डोकं असं का, हे विचारायला घुमी डॉक्टरकडे गेली. सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं की तिला ऑटिझम आहे, जन्मापासून. म्हणजे ती मठ्ठ नव्हती आणि माजोरीही नव्हती. दवाखान्याच्या जिन्यात बसून ती आनंदाने रडली.

ताईने मात्र अकलेचे तारे तोडले. "इतकी वर्षं काही नव्हतं, आत्ताच बरं उगवलं! आणि असं थोडं थोडं सगळ्यांनाच असतं."

सगळ्यांनाच असतं म्हणे! मग बेसिनपाशी एकटी घुमीच कशी?

"ताई, माझी खुर्ची दे," घुमी म्हणाली. "मी न बोलता कापेन."

"न बोलता? पार्लर आहे की शोकसभा?"

पुढच्या महिन्यात बाई पुन्हा आल्या. ताईने धावत जाऊन आवाज पातळ केला. "किती वाळलात हो! त्यांच्यामागे कसं होत असेल तुमचं! आणि त्या दिवशीचं मनावर घेऊ नका, तिला मी खुर्चीवरून हटवलंय."

"हटवलंत? बोलवा तिला," बाई म्हणाल्या. "ते गेले, हे मला रोज दहा जण सांगतात. तिने कसे आहेत विचारलं, मी बरे आहेत म्हटलं. तेवढ्यापुरते ते होते."

घुमी हात पुसत आली. खोटं श्रेय तिला घेववेना. "बाई, ते मी चुकून विचारलं होतं. घोकलेलं होतं. आता काहीच विचारणार नाही."

"नको विचारूस. काप."

घुमी आपल्या जुन्या खुर्चीमागे उभी राहिली. कात्री चालू लागली. ताईने तोंड उघडलं, तशी बाईंनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. ताईने तोंड मिटलं.

बेसिनपाशी एक गिऱ्हाईक डोक्याला फेस घेऊन कधीचं ताटकळत होतं. ताई बाह्या सरसावून तिकडे गेली.