पाटीवरच्या बारा रेघा

कॉइल गुंडाळणाऱ्या म्हाताऱ्याने हँडल सोडलं आणि खांदा चोळत तो स्टुलावर टेकला. दर शंभर वेढ्यांना पाटीवर खडूची एक रेघ, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. पाटीवर बारा रेघा होत्या, म्हणजे बाराशे वेढे. पण मध्येच बहिणीचा फोन आला होता. त्यानंतरची रेघ आपण दोनदा तर ओढली नाही ना, ही शंका काही केल्या जाईना.

"सोडवा मग सगळं," शेजारच्या टेबलावर तपासणी करणारी त्याची बायको म्हणाली.

"खांदा तुझा आहे का?"

"मग द्या तसंच पाठवून."

"दवाखान्याचा ट्रान्सफॉर्मर आहे, बाई! या बाजूचे वेढे कमी पडले, तर त्या बाजूला चोवीसऐवजी जास्त व्होल्ट जातील. यंत्र जळायचं, अन् खापर माझ्या माथी."

"अहो, मीटर कशाला ठेवलंय?"

तिने कॉइलवर टाकाऊ तारेचे वीस वेढे घातले, लोखंडी पट्ट्या बसवल्या. "कॉइलला साठ व्होल्ट देते. आत बाराशे असतील, तर माझ्या विसांवर नेमका एक व्होल्ट येईल. अकराशे असतील, तर एकाहून जरासा जास्त."

हे गणित तिला त्यानेच शिकवलं होतं. स्वतःच्या मोजणीवर ते लावायची वेळ कधी आली नव्हती.

मीटरवर आकडा आला: एक पूर्णांक दोन.

"पुन्हा लाव."

पुन्हा तेच. त्याने मनात हिशेब मांडला. आत हजारच. एक नव्हे, दोन रेघा जास्तीच्या.

"फोनवर बोलत बसलात ना," ती हळूच म्हणाली.

"फोनने एकच रेघ वाढवली असेल. दुसरी कधी ओढली, मला माहीत नाही."

आपले वीस वेढे आणि पट्ट्या तिने काढून ठेवल्या. त्याने पाटी पुसून तिच्यापुढे सरकवली.

"दोनशे राहिलेत. मी फिरवतो, तू मोज."

चाळीस वर्षांत मोजायचं काम त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने खडू उचलला, स्टूल ओढलं.

"पण मध्ये बडबड करायची नाही हं. माझं चुकतं."

ती मोठ्याने मोजू लागली. साठाच्या पुढे खांदा ठणकायला लागला. जरा थांब म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा आकडा चुकेल, म्हणून तो मुकाट्याने फिरवत राहिला.