एक स्वर खाली

हिशेब तसा साधा होता. संग्रहालयाच्या समारंभाला गेलं की थोरलीच्या पदरात चार शब्द पडणार होते, तेही पितळी पाटीवर: ‘ही ओळ बहिणीने रचली.’ मानधन नाही, गाडीभाडं स्वतःचं, वर गुडघ्यांची कुरकुर. तरी सदुसष्टाव्या वर्षी तिला हा सौदा फायद्याचा वाटला, कारण चाळीस वर्षं तिच्या वाट्याला एकच शब्द आला होता: ‘मंडळी’. बँडचं नाव ‘वादळ आणि मंडळी’. वादळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ, साऱ्या जगाचा लाडका गायक. घरात बाळ्या.

ती ओळ शब्दांची नव्हे, सुरांची; टीव्हीवरच्या एका थेट कार्यक्रमात जन्मलेली. बाळ्याचा घसा बसला होता, म्हणून गाणं एक स्वर खाली घेतलं होतं, आणि तिथवर पोचायला थोरलीने आपल्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार सैल केली होती. दुसऱ्या कडव्यात बाळ्या शब्द विसरला. तोंड उघडं, आवाज नाही, आणि लाखो घरांत ते उघडं तोंड. वेळ मारून न्यायला थोरलीने सुचेल ते वाजवलं. सात स्वर, शेवटचा मोकळ्या जाड तारेचा, जमिनीखालून आल्यासारखा. बाळ्याला शब्द आठवेपर्यंत ती ते फिरवत राहिली.

गाणं लोक विसरले, ओळ राहिली. रॉकच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिच्यावर प्रकरणं आली. नवी गिटार घ्यायला आलेला जो तो तीच वाजवून बघतो, दुकानदारांचे कान किटले. बाळ्या मुलाखतींतून सांगत सुटला की ती शांतता त्याने मुद्दाम पाळली आणि ओळ त्यालाच स्फुरली. थोरली तेव्हाच बोलणार होती, पण आई आडवी आली. त्याचं पोट त्याच्या नावावर आहे, तुला काय करायचंय नाव घेऊन, असं म्हणाली. थोरली गप्प बसली आणि त्या गप्प बसण्यावर बाळ्याने तीन मजले चढवले.

आता संगीत संग्रहालयात ‘इतिहास घडवणारे क्षण’ असं दालन उघडत होतं. त्यांना तिचा जुना बेस हवा होता. बाळ्याने फोनवर शब्द दिला, पाटीवर श्रेय तुझंच, ताई, आणि तिने वाद्य देऊन टाकलं.

त्या दुपारी ती आधी तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत गेली. तिथे वाद्य दुरुस्त करणारे गृहस्थ होते, ज्यांना सगळे कानसेन म्हणत. तीन महिने ते त्या बेसशी झटत होते. त्यांनी अभिमानाने दाखवलं: वाकलेली मान सरळ केली, खुंट्या साफ केल्या, आणि जाड तार पेटीत पडून पडून उतरली होती, तीही योग्य सुरात आणून ठेवली. थोरलीला हसू आलं. ती तार उतरली नव्हती, उतरवलेली होती. पण वाद्य काचेमागे जाणार, वाजवतंय कोण, असं म्हणून तिने त्यांचं कौतुक केलं आणि विषय सोडला.

वर आल्यावर तिने पाटी वाचली. ‘गायकाच्या प्रतिभेतून मंचावर स्फुरलेली ओळ. वाद्य: कौटुंबिक संग्रह.’

ओळ गेली होतीच, आता वाद्यही कुटुंबाचं झालं. संचालिकाबाई म्हणाल्या, मजकुरावर वादळसाहेबांची सही आहे. साहेबांनी तिच्या खांद्यावर हात टाकला. छापताना घोळ झाला म्हणे, आज रसभंग नको, नंतर बघू. बाळ्याचं ‘नंतर’ ती चाळीस वर्षं ऐकत होती. त्यावर एखाद्याने घर बांधलं असतं तर पावसात भिजला असता.

ती पहिल्या रांगेत बसली. सभागृह खच्चून भरलेलं. निवेदकाने गळ घातली की वादळसाहेबांनी त्याच वाद्यावर ती ओळ ऐकवावी. बाळ्या खुशीत उठला. दौऱ्यावरच्या वादकाच्या बेसवर त्याने दोन दिवस सराव केला होता. तो वादक जाड तार सैलच ठेवतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

सहा स्वर नीट आले. सातवा आंबट, बेसूर लागला. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा आंबट. मागून कुणीतरी खुदकन हसलं. बाळ्याने खाली पाहिलं, त्याच चाळीस वर्षांपूर्वीच्या उघड्या तोंडाने.

“ताई...”

“तुझीच ओळ ना?” थोरली बसल्या जागेवरून म्हणाली. “वाजव.”

कित्येक वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. ती मजा चाखत बसली, आणि तेवढ्यात बाळ्याला वाट सापडली.

“दुरुस्तीत वाद्य बिघडवलंय हो यांनी,” तो माइकवर म्हणाला.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. तिथे कानसेन इस्त्री केलेला ॲप्रन घालून उभे होते. संचालिकाबाईंनी जागच्या जागी माफी मागितली आणि असला हलगर्जीपणा यापुढे चालणार नाही, असं सर्वांदेखत बजावलं. कानसेन जिन्याने खाली गेले.

थोरली उठली. गुडघ्यांना विचारत बसायला वेळ नव्हता. मंचावर जाऊन तिने बाळ्याच्या हातातून बेस अक्षरशः ओढला.

“वाद्य चोख आहे,” ती म्हणाली. “त्या दिवशी याचा घसा बसला होता, म्हणून मी ही तार एक स्वर खाली घेतली होती. मी. हा तेव्हा शब्द विसरून उभा होता.”

तिने खुंटी फिरवली आणि सातही स्वर वाजवले. सभागृह उभं राहिलं. बाळ्याने डोळे पुसत तिला मिठी मारली आणि ताईशिवाय मी कोण, हे मी नेहमीच सांगत आलोय, असं माइकवर सांगितलं.

“हात काढ,” ती म्हणाली. ते माइकवर आलं नाही.

ती खाली दुरुस्तीच्या खोलीत पोचली तेव्हा भिंतीवरच्या खिळ्यांवर एकही हत्यार नव्हतं. टेबलावर ॲप्रन घडी करून ठेवला होता.

पुढे पाटी बदलली, थोरलीचं नाव लागलं. मिठीची चित्रफीत घरोघर पोचली आणि बाळ्याला तरुण चाहते मिळाले. संग्रहालयाबाहेर रांगा लागल्या. संचालिकाबाईंनी कानसेनांना पत्र पाठवलं, त्यात ‘गैरसमज’ हा शब्द दोनदा होता, ‘क्षमा’ एकदाही नव्हता. थोरली स्वतः तीनदा त्यांच्या दारी गेली. तिसऱ्यांदा त्यांनी दार उघडलं, नमस्कार केला आणि वाद्यांचं काम आपण सोडलंय एवढंच सांगितलं.

म्हणजे भावाला मिळालं, बहिणीला मिळालं, बाईंनाही मिळालं. आणि भरलं कुणी? ज्याने एक तार योग्य सुरात लावली, त्याने.