येसेनियाची पट्टी

ब्राउन्सव्हिलच्या त्या शाळेत वेल्डिंगच्या वर्गाला दोन धनी होते. शिकवायची शाळा आणि पदवीला धरलं जाणारं क्रेडिट द्यायचं कॉलेज. वर्षाच्या शेवटी कॉलेजचे त्रेविन्यो सर पट्टी वाकवायचं यंत्र घेऊन येत. पोरांनी वेल्डिंगने जोडलेली पट्टी त्यात पार दुमडायची. तडा गेला नाही, तर क्रेडिट पदरात.

शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या येसेनियाला पदवीसाठी एवढंच क्रेडिट कमी होतं. ते मिळालं, की येत्या शनिवारी कॉलेजच्या पदवीदानाला तिचं नाव पुकारलं जाणार होतं, तेही शाळेचा निरोप घ्यायच्या आधी. सकाळपासून पोरीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. पट्टी तर तिने अशी घासली होती, की तिच्यात तोंड पाहून घ्यावं.

आधी वर्गातल्या चुई नावाच्या पोराची पट्टी यंत्रात गेली. कडकन तुटलीच.

"आडवी घासलीस," सर म्हणाले. "आडवा ओरखडा आला, की तडा तिथूनच जातो. लांबीला धरून घासायचं, हे वर्षभर कानीकपाळी ओरडलेत ना तुमचे मास्तर?"

येसेनियाने आपली पट्टी उजेडात धरून पाहिली. चमक यावी म्हणून तिनेही आडवीच घासली होती.

"सर, परत घासू?"

"यंत्रात जाईपर्यंत पट्टी तुझी. पण पातळ झाली तर बाद."

"माझी तुटली म्हणून तुला अक्कल आली होय?" चुई कुरकुरला.

"हो. आता ती कानस दे इकडे."

त्याने तोंड वाकडं करत दिली, आणि पट्टी शिकंज्यात आवळूनही दिली. तिने हलक्या हाताने, लांबीला धरून, एकेक ओरखडा पुसला. चमक गेली ती गेलीच.

यंत्र कुरकुरलं. पट्टी वाकू लागली. सरांनी पट्टीच्या वाकलेल्या पाठीवरून नख फिरवलं, दिव्याखाली ती उलटसुलट करून पाहिली आणि येसेनियाच्या हातात ठेवली. "शनिवारी वेळेवर ये."

ती धावत सुटली ती थेट शाळेच्या खानावळीत. तिथे तिची आई पोरांना भात वाढत होती.

"आई, माझं कॉलेज झालं!"

आईने पट्टीकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिचे डोळे भरून आले, पण हातातला डाव थांबला नाही.

"आणि शाळा?"

"शाळा अजून व्हायचीय."

"मग रांगेत उभी राहा," आई म्हणाली. "आणि जेवून तासाला जा."