फ्रिजमध्ये ठेवलेली किल्ली

अनघाताई म्हटलं की मला आधी तळहातावरचा एक गारवा आठवतो. घराची किल्ली ती फ्रिजमध्ये ठेवायची, दुधाच्या शेजारी, आणि मी फिरायला निघाले की ती काढून माझ्या हातावर ठेवत म्हणायची, "धर, तुझं स्वातंत्र्य. गार आहे तोवर परत ये." दाराबाहेर डब्लिनचा नोव्हेंबर उभा असे, ओल्या घोंगडीसारखा जड आणि करडा. पण त्या थंडीहून किल्लीची थंडी निराळी होती. मुठीत धरली की ती माझीच ऊब घेत घेत कोपऱ्यावरच्या कालव्यापर्यंत कोमट होई, आणि मग मला उगाच वाटे की परतायची वेळ झाली.

किल्ली फ्रिजमध्ये का, हे सांगायला हवं. मला संगीतातलं फारसं कळत नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिली, आणि परभणीकडून इथे शिकायला आले तेव्हा गाणं म्हणजे भजन किंवा लग्नाचा बँड एवढंच मला ठाऊक होतं. अनघाताई नागपूरची, त्याच घरात माझ्यासारखीच भाड्याने राहणारी. दिवसा ती कंपनीचं काम करायची आणि संध्याकाळी यंत्रांवर गाणी घडवायची, ज्यांत ताल विजेचा असतो आणि आवाज तेवढा माणसाचा. तिच्या कपाटात, कोटांच्या मधोमध, माइक टांगलेला असे. खोली स्वयंपाकघराला लागून होती, म्हणून ध्वनिमुद्रणाआधी ती फ्रिज बंद करी, त्याची घरघर गाण्यात उतरू नये म्हणून. नंतर तो सुरू करायचा राहू नये यासाठी किल्ली आत ठेवी. बाहेर पडताना किल्ली लागणार, फ्रिज उघडावा लागणार, आणि आठवण होणार. कुण्या गाणाऱ्या मित्राने शिकवलेली ही युक्ती वर्षानुवर्षं चालली होती. युक्तीत एकच उणीव होती: माणूस घराबाहेर पडतो, हे तिच्यात गृहीत धरलं होतं.

टाळेबंदीच्या त्या हिवाळ्याच्या तोंडाशी फारसं कोणी बाहेर पडत नव्हतं. घरापासून पाच किलोमीटर, एवढंच आमचं जग उरलं होतं. ग्रँड कॅनाल डॉकमधलं तिचं ऑफिस त्या वर्तुळात येत होतं, पण ते बंद होतं. माझं कॉलेज लॅपटॉपएवढं झालं होतं. एका शनिवारी तिने एक सिंगल, म्हणजे सुटं गाणं, पुरं केलं, आणि फ्रिज रात्रभर बंद राहिला. घरातला तिसरा भाडेकरू निनाद, ठाण्याचा. त्याने मोठ्या मुश्किलीने मिळवलेली सुरमई सकाळी पाण्यात पोहत होती. "सिंगल तुझं, ताई," तो शांतपणे म्हणाला, "आणि श्राद्ध माझ्या सुरमईचं."

पण ते गाणं सुंदर होतं. गर्दीत नाचणाऱ्या शहराचं गाणं, आणि ते गाणारी बाई कपाटात उभी. तिने आपल्याच आवाजाच्या घड्यांवर घड्या घातल्या होत्या, आणि शेवटी एक सूर इतका लांब धरला होता की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडावा. मी जिन्यावर बसून तो ऐकला, तेव्हा घराच्या भिंती क्षणभर मागे सरकल्यासारख्या वाटल्या. इथल्याच एका छोट्या कंपनीने त्याची तबकडी काढायचं कबूल केलं. अट साधी होती: तबकडीला दोन बाजू असतात, वसंतापर्यंत दुसरं गाणं द्यायचं. नाहीतर तबकडी नाही.

जानेवारीत तिला तो आजार झाला. घरातल्या घरात आणखी एक घर तयार झालं, बंद दाराचं. आम्ही दारापाशी ताट ठेवायचो, टकटक करून दूर व्हायचो, आणि भिंतीपलीकडून तो कोरडा, न संपणारा खोकला ऐकायचो. ती बरी होऊन बाहेर आली तेव्हा हसली तशीच, चहा केला तसाच. फक्त वाक्याच्या मध्येच थांबू लागली, चढावर थांबावं तशी. दुपारी दाराआडून तिचा सूर उमटे आणि लगेच तुटे. पुन्हा उमटे, पुन्हा तुटे. फेब्रुवारीचा तिरपा, फिकट उजेड जसा खिडकीतून आत येऊन ओट्यापर्यंत पोहोचण्याआधीच विझत असे, तसं काहीसं. मग तेही थांबलं.

एके दिवशी तिने निनादला आपल्या यंत्राचे फोटो काढायला सांगितले. विकायचं आहे म्हणाली. गाणं श्वासावर असतं आणि आपल्याकडे आता तो नाही, हे तिने भाजी संपली आहे इतक्या सहज सांगितलं. निनाद हो म्हणाला. पुढे रोज तो खिडकीबाहेर पाहून सांगायचा की आज उजेड बरोबर नाही. आयर्लंडमध्ये हे कारण कितीही दिवस पुरतं.

मार्चमधल्या एका दुपारी मी फ्लॉवर चिरत होते. ती अचानक आत आली. शेवटचं एकदा करून बघते म्हणाली आणि फ्रिजमागचं बटण बंद करायला वाकली. तेवढ्या वाकण्यानेही तिला धाप लागली. ती तिथेच फरशीवर बसली, फ्रिजला पाठ टेकून, डोळे मिटून. मी बटणाकडे हात नेला तर तिने माझी ओढणी धरली.

"राहू दे गं. बंद नको करू. माझ्याच्यानं सूर धरवत नाही, तर हा धरून ठेवतोय."

मग ती गुणगुणू लागली. ज्या घरघरीला आम्ही इतके दिवस घालवून देत होतो, ती तिच्या पाठीतून वर चढून तिचा षड्ज झाली होती. पेटीच्या पांढरी पाच आणि काळी चार या पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी आहे म्हणाली, आणि आपलं यंत्र तिने फ्रिजच्या सुराशी जुळवलं. कपाटातला माइक स्वयंपाकघरात आला. ती लहान लहान ओळी गायली, प्रत्येक ओळीनंतर श्वास घेऊन, आणि त्या श्वासांच्या फटींतून फ्रिज तानपुऱ्यासारखा वाहत राहिला. मी हातात सुरी धरून खिळले होते. दारात निनाद पायमोज्यांवर उभा होता, एक पाय अधांतरी.

शेवटच्या ओळीला फ्रिज थांबला. फ्रिज थांबतात तसाच, अंग थरथरवून, आपला आपण. त्या नि:शब्दतेत तिचा सूर एकटा उरला. तिने डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावरची भीती मला दिसली, पण ती थांबली नाही. तो सूर तिने शेवटपर्यंत धरला. पहिल्या गाण्यातल्याइतका लांब नव्हता तो. पण तिचा होता. तो संपल्यावर निनादने हळूच पाय टेकला आणि म्हणाला, "उजेड आजही बरोबर नाहीये, ताई." ती हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली.

विमानं सुरू झाल्यावर ती नागपूरला परतली, यंत्रासकट. तबकडी मागाहून पोस्टाने आली, आणि ती वाजवायला आमच्यापैकी कोणाकडेच काही नव्हतं. मी ती फ्रिजवर उभी करून ठेवली आहे. किल्ली आता दारामागच्या खिळ्याला असते, कोरडी, खोलीइतकीच कोमट. आणि आता तर हवं तेवढं लांब जाता येतं. तरी कधी संध्याकाळी अभ्यास करताना फ्रिज थरथरून थांबतो, आणि माझंही काम थांबतं. मी वाट पाहते. ती गायची त्या जागी आता शांतताच असते, पण ती रिकामी वाटत नाही. दूर गेलेलं माणूस आठवणीत सतत वाजत नसावं. एरवीचा काळ जेव्हा क्षणभर गप्प होतो, तेव्हाच त्या माणसाने धरलेला सूर आपल्याला ऐकू येत असावा.