सोनं कोणी घालवलं?

घरात मंगल काही निघालं की धनुबाई आपणहून मागच्या पडवीत जाऊन बसत. चौदा वर्षांच्या वैधव्यानंतर त्यांना कोणी 'जा' म्हणायची गरज उरली नव्हती. गाव तापीकाठचं, गुजरांचं आणि चांगलं सुधारलेलं. केळीला इंजिनाचं पाणी देणारं. फक्त विधवेचं तोंड तेवढं जुन्या पद्धतीनं टाळायचं.

आज मात्र अंगणातला समारंभ त्यांच्या पोटच्या पोराचा होता. सुपडू रोमच्या ऑलिंपिकमधून हॉकीचं रुप्याचं पदक घेऊन आला होता. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून जन्मताच सुपात घातलेला हा पोरगा. बाभळीच्या वाकड्या काठीनं खेळता खेळता विद्यापीठाच्या संघात गेला आणि तिथून थेट साता समुद्रापार. विद्यापीठ आपल्या पदकविजेत्यांचं पुस्तक काढत होतं. त्यासाठी फोटोग्राफरही आला होता. धनुबाई दाराच्या फटीला डोळा लावून बसल्या होत्या. फटीतून मुलाचा एक खांदा दिसे. तो हलला की तोही नाही.

"आईंना बोलवा ना," फोटोग्राफर म्हणाला.

"मीच शे ना त्यानी माय!" धाकटी जाऊ सरलाबाई औक्षणाचं ताट घेऊन खुर्चीवर बसलीसुद्धा.

मग दीर रेवजी भाषणाला उभे राहिले. "मंडळी, पोऱ्या निंघना तवय वहिनीले मी मांगेच बसाडं. कोनी आडवं गयं नही, म्हनीसन हाई मेडल!"

टाळ्या पडल्या. पडवीत धनुबाईंना सुपडू निघाला त्या दिवसाची सकाळ आठवली. पाण्याचं निमित्त करून, रिकामी घागर कमरेवर घेऊन त्या गोठ्यामागून निसटल्या होत्या आणि केळीच्या बांधावर उभ्या राहिल्या होत्या. सुपडूनं बैलगाडीतून उडी टाकून पायांवर डोकं ठेवलं होतं. 'कोणाला सांगशील तर माझी शपथ,' असं त्यांनीच बजावलं होतं.

गप्प बसलं तर आता सुपडूच्या लग्नातही जागा हीच. पोराच्या पदकाचीच दाराला कडी झाली होती. त्यांनी दार उघडलं.

"रेवजीभाऊ, मी आडवी गयती. केळीना बांधवर. रिकामी घागर लिसन. त्यानी पहिलं तोंड मन्हंच देखं."

धनुबाईंना वाटलं, संपलं. विधवा आडवी गेली, वर रिकामी घागर, तरी पदक आलं. आता कोण काय बोलणार?

रेवजी जरा वेळ विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हनीसन सोनं गयं!"

हॉकीचं सोनं बत्तीस वर्षं आपलंच होतं. यंदा पहिल्यांदा हुकलं. देशभरातले जाणकार पंचांना, निवड समितीला, मैदानातल्या गवताला दोष देऊन दमले होते. खरं कारण शेवटी तापीकाठी सापडलं.

"खरं शे, खरं शे," माना हलल्या. चाळीस कोटी लोकांचं सोनं एका बाईनं केळीच्या बांधावर घालवलं होतं. धनुबाई पडवीकडे वळल्या.

"माय, थांब." सुपडूनं काकूच्या हातातलं ताट काढून घेतलं. "काका, गोल आम्ही खादा. मैदानवर माय नव्हती."

आणि ताट त्यानं आईपुढे धरलं. "ओवाळ."

चौदा वर्षांत त्या हातांनी निरांजन धरलं नव्हतं. आधी कुंकू की आधी अक्षता, तेही चटकन आठवेना.

पहिल्यांदा सरलाबाई उठली. मग रेवजींना इंजिन चालू राहिल्याचं आठवलं. कोणाची म्हैस अडली होती, कोणाला नंदुरबारची गाडी गाठायची होती. गावाला इतकी कामं असतात हे त्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सुपडूच्या कपाळी कुंकू लागेपर्यंत अंगणात तिघंच उरली, तिसरा फोटोग्राफर. त्यानं कॅमेऱ्यामागून एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

विद्यापीठाच्या पुस्तकात तो फोटो आहे. खालची ओळ फोटोग्राफरनं सकाळीच लिहून ठेवली होती, ती तशीच छापली गेली: 'पदकविजेते सुपडू, ग्रामस्थांसमवेत.'

फोटोत मायलेक आहेत आणि मागे एक लांबलचक सतरंजी. तिच्यावर अजून पुष्कळ जागा आहे.