रवीच्या पिंडाला कावळा

रवीचा दहावा होता. गोदाघाटावर पिंड ठेवून बराच वेळ झाला, पण कावळा काही शिवेना.

दहावा उरकला की चार वर्षांच्या योगिनीला घेऊन वणीला आईकडे जायचं, असं रवीच्या बायकोचं, उज्वलाचं ठरलं होतं. सासूला, बायडाबाईला, ते अजिबात मान्य नव्हतं. मुलगा गेला, निदान त्याची पोर तरी घरात राहावी.

पलीकडच्या काठावर पर्यटकांचा घोळका होता. त्यांच्या मोबाइलमधलं 'वाटसोबती' ॲप भलतंच हुशार. हवामान, गर्दी, पक्ष्यांच्या नोंदी अशी सगळी खुली माहिती गोळा करून, माणूस कुठे उभा आहे ते पाहून बोलायचं. आज ते बोललं, "जवळच कावळ्यांचा थवा आहे. खाऊ घाला, छान फोटो मिळतील." कावळे घाटावर कशाला जमतात, तेवढं मात्र त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. पर्यटकांनी वेफर, शेव उधळली. झाडून सगळे कावळे तिकडे गेले.

इकडे विनवण्या सुरू होत्या. "रवी, तुझी गाडी इकणार नाय रे! पोरीला लय शिकवू!"

"आत्याबाई, ते बघा, कावळे तिकडं वेफर खात्यात," उज्वला म्हणाली.

"नवऱ्याचा जीव अडकलाय अन् हिला वेफर दिसत्यात!"

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू."

"नाय!" बायडाबाई गरजली. "त्याचा जीव पोरीत हाय. उज्वला, म्हण, योगिनी आमच्याकडंच राहील."

उज्वलाने योगिनीला उचलून कडेवर घेतलं. ऊन चढलं होतं, नातेवाईकांना जेवायची घाई होती. भुकेल्या माणसांना दया कुठली? "नवऱ्याला मोकळं करायचं नाय का तुला?" एकाने विचारलं, मग सगळ्यांनीच.

तेवढ्यात पलीकडचे मोबाइल वाजले. "ऊन वाढतंय. दिंडोरीच्या वाइनरीत आत्ता गर्दी नाही." घोळका गाड्यांकडे निघाला.

उज्वलाने रडत हात जोडले. "योगिनी तुमच्याकडं राहील."

तिकडचं खाणं संपलं होतं. कावळे परतले आणि पहिल्यानेच पिंडात चोच घातली.

बायडाबाईने हंबरडा फोडला आणि उज्वलाच्या कडेवरची पोर ओढून घेतली. योगिनी किंचाळायला लागली. उज्वलाने आपल्या आईकडे पाहिलं. दोघींना न्यायला आलेली ती माउली पिंडापुढे वाकली होती.

"आता मोडता येत नाय, बाई," आई म्हणाली. "त्यानंच मागितली."